औषध कुणासाठी?

सांगोल्यात 'औषध आणायला चाललोय' म्हणणाऱ्या माणसाकडे एकदम सहानुभूतीनं पाहू नये. आधी 'कुणासाठी?' असं विचारावं. बहुधा उत्तर येतं, 'बागंसाठी!' हा डाळिंबाचा मुलूख. इथं माणसाच्या तापापेक्षा बागेवर पडलेल्या तेल्याची बातमी गावभर लवकर पसरते.

बागेचं औषध घेताना आमचे मामा म्हणजे साक्षात हायकोर्ट. दुकानदारानं चार बाटल्या मांडल्या की उलटतपासणी सुरू. 'ही कशाला? हिच्यात घटक कोणता? त्या दुसरीतबी त्योच असंल तर दोन्ही कशाला? न्हाई मारली तर काय हुतंय?' शेवटी चारही बाटल्या फळीवर परत जातात आणि मामा मोरचूद-चुना आणून घरीच बोर्डो मिश्रण कालवतात. त्या मिश्रणाला ना कंपनी, ना एजंट, ना फुकटचं कॅलेंडर!

हेच मामा स्वतःच्या खोकल्यासाठी दवाखान्यात गेले की देवळात गेल्यासारखे हात जोडून बसतात. चिठ्ठीवर सहा ओळी. 'कशाकशाची हो ही?' म्हटलं तर, 'डागदरानं लिवलीया म्हंजी लागतच असंल.' उलट सुई न टोचता घरी पाठवणारा डॉक्टर त्यांच्या मते शिकाऊ.

आता सहाच्या सहा ओळी लागतात का, ही शंका काही माझी एकट्याची नाही. हाथी समितीनं १९७५ सालीच अत्यावश्यक औषधांची शे-सव्वाशेची यादी करून, ती मूळ नावानं विका, असं सुचवलं होतं. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातला औषधांचा पुरवठा आणि वापर अभ्यासून डॉ. अनंत फडके यांनी १९९८ साली पुस्तकच लिहिलं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली. एका गोळीत दोन-तीन औषधं कोंबायला शास्त्रीय आधारच नव्हता. आणि कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू देऊ नयेत, अशी संहिता मार्च २०२४ मध्ये काढावी लागली. 'देऊ नका' असं लिहून सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

यातलं थोडंफार पारावरच्या मंडळींकडून मामांच्या कानावर गेलं. 'समदा धंदा हाय!' असा निकाल देऊन त्यांनी त्याच दिवशी ब्लडप्रेशरची गोळी बंद केली. खोकल्याचं सिरप मात्र चालू ठेवलं. गोड लागतं म्हणून!

महिन्याभरानं मामा बागेतच चक्कर येऊन पडले. थोडक्यात निभावलं.

तेव्हापासून चिठ्ठी मामींच्या ताब्यात आहे. मामी शाळेत गेलेल्या नाहीत, पण दुकानातली उलटतपासणी त्यांनी जन्मभर ऐकलेली. पहिल्याच खेपेला त्यांनी डॉक्टरांना ओळीगणिक विचारलं, 'ही कशाला? किती दिवस? न्हाई घेतली तर काय हुतंय?' सिरपपाशी डॉक्टर जरा घुटमळले. 'तसं काही होत नाही. खोकला आपोआप जाईल.' टॉनिकपाशी नुसतेच हसले. ब्लडप्रेशरच्या गोळीपाशी मात्र त्यांनी चष्मा काढला. 'ही मला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा चुकवायची नाही.'

आणि गंमत म्हणजे सहा ओळींत सगळ्यांत स्वस्त तीच निघाली!

म्हणून औषधं गरजेची की धंद्याची, असा घाऊक सवाल करून भागत नाही. तो ओळीगणिक किरकोळीनंच करावा लागतो, आणि डॉक्टरांसमोर बसून. मामी तो दर महिन्याला करतात. त्यांना दारात पाहिलं की डॉक्टरांची चिठ्ठी आपोआप आखूड होते, असं कंपाउंडर सांगतो.