नरकासुराचे डोळे

गतवर्षी नरकचतुर्दशीला चार दिवस उरले असताना आमच्या भाच्याने एक लहानशी कापडी पिशवी आमच्या टेबलावर, एका दिवाणी अपिलाच्या कागदांवरच, रिकामी केली. तीतून सहा नळ्या घरंगळल्या. चार सडपातळ, पांढऱ्या, दुरून पाहता सिगारेटच वाटाव्यात अशा. दोन चपट्या आणि खेळण्यांच्या दुकानात शोभतील अशा भडक रंगांच्या. आम्ही चष्मा वर सारून पाहू लागलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, नरकासुराचे डोळे!"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमच्याकडे चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात. बांबूचा नाहीतर तारांचा सांगाडा, आत सुके गवत, वर कागद आणि रंग. रात्रभर त्यांची मिरवणूक, पहाटे दहन, मग अभ्यंगस्नान, पायाखाली कारीट फोडणे आणि नाना परींचे फोव. आमच्या लहानपणी असुराचे डोळे करवंटीचे असत. आता ते लुकलुकले नाहीत तर शेजारचा वाडा हसतो.

त्या नळ्या विजेच्या सिगारेटी होत्या आणि सहाही मेलेल्या होत्या. ओढताना टोकाशी जो खोटा निखारा पेटतो, तो वस्तुतः एक इवलासा तांबडा दिवा असतो. ते दिवे काढून डोळ्यांत बसवावेत आणि त्यांना वीज पुरवण्यास त्याच नळ्यांतील बॅटऱ्या असुराच्या कवटीत ठेवाव्यात, असा त्याचा बेत. "बॅटऱ्या मेल्या आहेत ना?" आम्ही विचारले. "मेल्याच आहेत, पण थोडा जीव असेल," तो म्हणाला. या उत्तरातील विसंगती त्याच्या ध्यानात आली नाही आणि लाजेने सांगतो, आमच्याही आली नाही.

रविवार होता. अपील बाजूला सारून आम्ही मामा-भाचे मागच्या पडवीत बसलो. हत्यारे म्हणजे एक पक्कड, शिवणयंत्राच्या पेटीतला पेचकस, नखे घासण्याची कानस आणि आईचा आडकित्ता. पहिल्या नळीचे टोक पकडीत धरून हलके पिळताच टोपण निघाले. आत शर्टाच्या गुंडीएवढी एक वाटोळी चकती, तीवर तो दिवा आणि त्याच्या पाठीशी बारीक छिद्र असलेली एक धातूची डबी. भाच्याने समजावले की हीच त्या यंत्राची कळ. ओढणाऱ्याने श्वास घेतला की नळीतील हवेचा दाब उतरतो, तो या डबीला जाणवतो आणि ती प्रवाह सुरू करते. बटण नाही, काडी नाही. नुसत्या श्वासाने चालणारे यंत्र. चकतीपासून दोन केसांसारख्या तारा, एक तांबडी, एक काळी, मागच्या लांबट घटाकडे गेल्या होत्या.

पकडीचे तोंड जाडे, तेथपर्यंत पोहोचेना. म्हणून आम्ही आडकित्ता उचलला आणि दोन्ही तारा एका दमात कापल्या.

चट्ट असा आवाज झाला, निळसर ठिणगी उडाली आणि हातातला आडकित्ता आम्ही अंगणात भिरकावला. घट बोटांना गरम लागू लागला. भाच्याने चपळाईने तो चिमट्यात धरून तुळशीवृंदावनाजवळच्या वाळूच्या ढिगावर ठेवला आणि आम्ही दोघे दूर उभे राहून त्याच्याकडे, नाग निघालेल्या बिळाकडे पाहावे तसे पाहत राहिलो. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कितें चल्लां हांगा?" कोणीच उत्तर दिले नाही. सुदैवाने घट थोड्या वेळात निवाला. आडकित्त्याच्या पात्यावर मात्र तांदळाच्या दाण्याएवढी काळी खाच पडली.

चूक आमची होती. पोलादाच्या एकाच पात्याने दोन्ही तारा एकदम कापणे म्हणजे घटाची दोन टोके परस्परांस जोडणे. तारा कापायच्या त्या एकेक, आणि पहिलीचे टोक चिकटपट्टीत गुंडाळल्याशिवाय दुसरीस हात लावायचा नाही, हे भाच्याने आम्हांला नंतर ऐकवले. आधी ऐकवले असते तर बरे झाले असते.

सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मेला असे गृहीत धरण्याची सोय १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि २०२३ च्या नव्या अधिनियमातही आहे. पण तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची मुभाही कायदा देतो. या नळ्यांना ती मुभा कोणी दिलेली नसते. वायरमन मागे विसरून गेलेला मीटर लावून पाहिला. चार घटांचा दाब तीन व्होल्टांहून थोडा अधिक होता. एका चपट्या नळीत तर ३.६ व्होल्ट होते. तिच्यातला केवळ रस आटला होता. प्राण बॅटरीचा गेलेला नसून यंत्राने तिला वापरणे थांबवले होते, एवढाच त्या मृत्यूचा अर्थ. एकदा वापरून फेकण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या या नळ्यांतील घट शेकडो वेळा पुन्हा भारता येण्याजोगे असतात, असे लंडन व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले आहे. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा फेकाऊ नळ्यांची विक्रीच बंद केली.

भाच्याला आता घटाचे पत्र्याचे वेष्टनही उकलून पाहायचे होते. तेथे आम्ही मामेपणाचा अधिकार वापरला. आत काय असते ते वाचून कळते. तांब्याची व अॅल्युमिनियमची पातळ पाने, त्यांवर काळे लेप, मध्ये केसाहून पातळ प्लॅस्टिकचा पडदा, आणि हे सारे भिजलेले एका ज्वालाग्राही द्रवात. त्या द्रवातील क्षार ओल्या हवेशी मिळून जे आम्ल करतो ते हाडापर्यंत पोहोचते. आणि तो पडदा साधारण १३० अंशांच्या आसपास वितळतो. गवताच्या आगीत १३० अंश म्हणजे आरंभसुद्धा नव्हे. सहा घट असुराच्या कवटीत ठेवून पहाटे चूड लावली असती तर फटाक्यांच्या गलबल्यात कोणता स्फोट कशाचा हे कोणाला कळते? आणि उजाडल्यावर राखेतून न फुटलेले फटाके वेचणारी पोरे दरवर्षी असतातच. आम्हीही वेचले आहेत.

भाचा गप्प झाला. मग दुसऱ्या भागाकडे वळलो. चपट्या नळीत पिळदार तारेचे एक सूक्ष्म वेटोळे आणि त्याभोवती कापूस होता. तार तापते, कापसातला रस वाफ होऊन छातीत जातो. कापूस बाहेरून पिवळट, पण तारेला लागून असलेला भाग पणतीच्या वातीसारखा काळा पडलेला. त्याला पिकल्या आंब्याचा वास येत होता. हा वास गेले तीन महिने माडीवरच्या खोलीतून येतो हे त्याच क्षणी आम्हांला उमगले. आई तो अत्तराचा समजत असे.

या नळ्या कळंगुटला मित्राच्या घरी भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांनी टाकलेल्या, असे त्याने आरंभीच सांगितले होते. उलटतपासणीची वेळ होती. पण ज्याचे उत्तर ठाऊक आहे तो प्रश्न न्यायालयात अवश्य विचारावा आणि घरात विचारू नये, असे आम्ही पाळत आलो आहोत. कापूस त्याच्यासमोर ठेवला आणि हात धुवायला उठलो. परत आलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, चार पाहुण्यांच्या. दोन माझ्या."

मग आम्ही कायदा सांगू लागलो. दुसरे काय येते आम्हांला? १८ सप्टेंबर २०१९ चा वटहुकूम, डिसेंबरातला अधिनियम. निर्मिती, आयात, विक्री, साठा, जाहिरात, साऱ्यांस बंदी. विकणाऱ्यास पहिल्याच अपराधाला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वटहुकमानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, याच जातीच्या बॅटरीच्या जनकांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, ही गंमतही सांगितली. त्याने सारे शांतपणे ऐकले आणि खुंटीवरच्या आमच्या काळ्या कोटाकडे पाहिले. त्या कोटाच्या आतल्या खिशात पाकीट असते, हे घरात सर्वांना माहीत आहे.

"आणि ती, मामा?"

ती कायद्याने विकली जाते, एवढेच खरे उत्तर होते. इतकी वर्षे वकिली करून इतके दुबळे उत्तर आम्ही कधी दिले नव्हते. तो हसला नाही, हे त्याचे सौजन्य. बेळगावहून बहिणीने त्याला आमच्या हवाली करताना म्हटले होते, "तुझ्याकडे पाहून शिकेल." त्या वाक्याचा अर्थ आम्ही आजवर फार सोयीस्कर लावला होता.

डोळ्यांचे काम त्याने सिद्धीस नेले. तांबडे दिवे घेतले, मध्ये लहानसा रोधक जोडला आणि बाजारात मिळणाऱ्या दोन साध्या कोरड्या घटांवर ते पेटवले. घट लांब तारेने असुराच्या मागे, एका पोराच्या हातात. पहाटे दहनापूर्वी त्याने शिडी लावून ते डोळे काढून घेतले. असुर आंधळा होऊन जळला म्हणून पोरांनी थोडी कुरकुर केली. पण शेजारच्या वाड्याची मिरवणुकीतच जिरली होती.

उरलेल्या घटांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून आम्ही ते कोरड्या वाळूने भरलेल्या काचेच्या बरणीत ठेवले. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या घरच्या केरात टाकावयाच्या नाहीत, त्या वेगळ्या काढून संकलन करणाऱ्याकडे द्यावयाच्या. बरणी महिनाभर पडवीत राहिली. आई खाच पडलेल्या आडकित्त्याने सुपारी कातरी तेव्हा तिच्याकडे पाही आणि म्हणे, "पुरो आतां, व्हर तें." शेवटी एका शनिवारी पणजीस कामासाठी गेलो तेव्हा भाच्याला बरोबर घेतले. संकलनाच्या जागी बसलेल्या मनुष्याने वाळू चाळून घट बाहेर काढले, उलटसुलट पाहिले आणि नोंदवहीत संख्या लिहून सही करावयास सांगितले. घट कोणाचे, असा रकाना तिच्यात नव्हता. भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही लेखणी त्याच्या हाती दिली. त्याने सहा लिहिले.