लहान करवतीची निवड : पोर्ट्समथच्या कप्पी-कारखान्याची गोष्ट

१/ शिडाची युद्धनौका तोफांनी लढत असे, पण चालत असे ती कप्प्यांच्या बळावर. विहिरीतून पोहरा ओढायला एक कप्पी पुरते. ७४ तोफांच्या एका नौकेला मात्र सुमारे हजार कप्प्या लागत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश नौदलाची वार्षिक गरज एक लाखाच्या घरात गेली होती. हा धागा त्या कप्प्यांचा आहे. त्याहून अधिक तो त्यांचे लाकूड कापण्यासाठी निवडलेल्या करवतींचा आहे.

२/ कप्पीची रचना दिसायला साधी. बाहेरचा ठोकळा एल्मच्या लाकडाचा. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ताण आला तरी ते सहजासहजी चिरफाळत नाही. आत फिरणारे चाक लिग्नम व्हायटीचे. वेस्ट इंडीजकडून येणारे हे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते, आणि अंगच्या तेलकटपणामुळे त्याची झीज कमी होते. मधोमध लोखंडी आस.

३/ हे सारे हाताने घडवले जाई तेव्हा प्रत्येक ठोकळा दुसऱ्याहून किंचित वेगळा होई. तो फरक कारागिराच्या ओट्यावर क्षुल्लक वाटे, भर वादळात नव्हे. चाक अडले की दोर अडकतो, दोर अडकला की शीड वेळेवर उतरत नाही, आणि डोलकाठीवर चढलेल्या खलाशाचा जीव त्या एका ठोकळ्यावर टांगलेला राहतो.

४/ ही अडचण प्रथम ओळखली ती साउथॅम्प्टनच्या टेलर घराण्याने. नौदलाला कप्प्या पुरवण्याचे कंत्राट त्यांच्याकडे होते. वॉल्टर टेलर यांनी इचेन नदीकाठच्या वुड मिल येथे पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या गोल करवती वापरात आणल्या. यंत्रयुगाच्या कथेत हे नाव बहुधा गाळले जाते. पुढे जे घडले, त्याचा पाया मात्र इथे आहे.

५/ ‘गोल करवत कोणी शोधली?’ या प्रश्नाचे एकाच नावात उत्तर देण्याचा मोह टाळावा. १७७७ साली साउथॅम्प्टनच्याच सॅम्युएल मिलर यांनी घेतलेल्या पेटंटात तिचा उल्लेख येतो, पण ओझरता. जणू ती लोकांना आधीपासून ठाऊक असावी. अमेरिकेत टॅबिथा बॅबिट यांना हे श्रेय देणारी कथा १८१३ च्या सुमाराची. तोवर इंग्लंडच्या गोद्यांत अशा करवती कित्येक वर्षे फिरत होत्या.

६/ आता मार्क इझम्बार्ड ब्रुनेल. जन्म १७६९, नॉर्मंडी. राजनिष्ठ असल्यामुळे क्रांतीच्या धामधुमीत फ्रान्स सोडून ते १७९३ मध्ये अमेरिकेत गेले आणि १७९९ मध्ये इंग्लंडला आले. कप्प्या यंत्राने घडवण्याची कल्पना सोबत होती. १८०१ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. टेलर घराण्यातील सॅम्युएल टेलर यांच्यापुढे त्यांनी ही योजना ठेवली. आपल्या पद्धतीहून सरस काही निघेल असे टेलरांना वाटले नाही. त्यांनी नकार दिला.

७/ नौदलाच्या कारखान्यांचे महानिरीक्षक सॅम्युएल बेंथम (तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे बंधू) यांनी मात्र योजना उचलून धरली. प्रत्यक्ष यंत्रे घडवली हेन्री मॉडस्ले यांनी. एकूण ४५ यंत्रे पोर्ट्समथच्या गोदीत उभी राहिली आणि वाफेच्या शक्तीवर चालू लागली. हे काम चालू असतानाच, १८०६ मध्ये, पोर्ट्समथला ब्रुनेल यांच्या मुलाचा जन्म झाला. तोच पुढे रेल्वे, पूल आणि जहाजे बांधणारा इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल.

८/ या कारखान्याविषयी लिहिताना बहुतेक लेखक खाच पाडणाऱ्या आणि आकार देणाऱ्या यंत्रांपाशी रमतात. परंतु सारी साखळी सुरू होई ती करवतीपासून. पहिला कच्चा ठोकळाच वाकडा कापला गेला, तर पुढचे प्रत्येक यंत्र तो वाकडेपणा निष्ठेने पुढे नेणार. म्हणून खरा प्रश्न असा होता : अवजड ओंडक्यातून लहान, एकसारखे ठोकळे काढायला कोणती करवत घ्यावी?

९/ गोल करवतीची एक अंगभूत मर्यादा आहे. तिच्या मध्यभागी आस आणि त्याला पकडणारा भाग असतो. त्यामुळे ती आपल्या व्यासाच्या निम्म्याहूनही कमी खोल कापते. दोन फूट जाडीचा ओंडका एका दमात कापायचा तर चार फुटांहून मोठे पाते हवे. पाते जितके मोठे, तितके ते थरथरू नये म्हणून जाड करावे लागते. आणि जितके जाड, तितके अधिक लाकूड भुशात जाते.

१०/ सरळ पात्याच्या, मागेपुढे चालणाऱ्या करवतीला ही अट नाही. पाते लांब असले की ओंडका कितीही जाड चालतो. पण प्रत्येक फेऱ्याला तिला थांबून उलट फिरावे लागते, आणि परतीच्या वाटेवर ती कापत नाही. गोल करवत अखंड कापत राहते. थोडक्यात, एकीकडे पोच आणि दुसरीकडे वेग. दोन्ही एकाच पात्यात मिळणे अवघड.

११/ ब्रुनेल यांनी दोन्ही प्रकार ठेवले. आडव्या कापासाठी सरळ आणि गोल, उभ्या चिरकामासाठीही सरळ आणि गोल. मात्र आडव्या कापाच्या गोल करवतीत त्यांनी एक युक्ती योजली. तिचा आस हलत्या चौकटीत बसवला, असा की पाते आपल्याच प्रतलात राहून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकावे. ओंडका जागीच, करवत एका बाजूने आत शिरे, मग दुसऱ्या बाजूने. मध्यम आकाराच्या पात्याने मोठा ओंडका निर्वेध कापला जाई.

१२/ लिग्नम व्हायटीसाठी तीच युक्ती आणखी पुढे नेली. इथे करवतीसोबत ओंडकाही फिरे. सर्व बाजूंनी थोडे थोडे कापत पाते मध्यापर्यंत पोहोचे आणि सारख्या जाडीची चकती सुटी होई. मौल्यवान लाकडात जाडीचा हा सारखेपणा म्हणजे थेट बचत. करवत मोठी करण्याऐवजी लाकडालाच फिरवायचे, हा विचार आज सोपा वाटतो, कारण कोणीतरी तो आधी करून ठेवला आहे.

१३/ यानंतर ठोकळ्याला भोके पडत आणि चाकासाठी खाच कोरली जाई. मग आणखी एक छोटी गोल करवत पुढे येई. तिच्यापुढचा पाट तिरका असे. त्यावर ठोकळा टेकवून त्याचे चारही कोपरे छाटले जात. नंतर दहा ठोकळे एकदम एका मोठ्या चाकाच्या परिघावर आवळून त्यांच्या बाहेरील बाजूंना गोलाई दिली जाई. कोपरे आधी उडवलेले असल्यामुळे आकार देणाऱ्या यंत्राचे काम हलके होई. साऱ्या कारखान्यात सर्वांत साधी वाटावी अशी ही करवत, पण तिची जागा नेमकी होती.

१४/ परिणाम आकड्यांत असा : १८०८ पर्यंत वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. जे काम पूर्वी ११० कुशल कारागीर करीत, ते आता १० अकुशल माणसे करू लागली. ब्रुनेल यांना एका वर्षाच्या बचतीइतकी, म्हणजे सुमारे १७ हजार पौंडांची रक्कम मिळाली. तरीही १८२१ मध्ये कर्जापायी त्यांना तुरुंगात जावे लागले.

१५/ ११० आणि १० या दोन आकड्यांकडे बहुतेक वाचक कौतुकाने पाहतात. त्यांच्यामधल्या शंभरांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. एल्मचा ओंडका पाहताच करवत कुठे लावावी हे ज्यांना उमगत असे, अशांचे ते कसब होते. ते आता चौकटीत आणि पाटाच्या कोनात बंदिस्त झाले. डोलकाठीवरच्या खलाशाला भरवशाची कप्पी मिळाली, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांपैकी एकच सांगणारा इतिहास अपुरा राहतो.

१६/ त्या कारखान्याची इमारत पोर्ट्समथच्या गोदीत अजून उभी आहे. तिथली काही यंत्रे लंडनच्या सायन्स म्युझियमने जतन केली आहेत, आणि मूळ चालत्या प्रतिकृती ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. कधी जाणे झालेच तर प्रत्येक यंत्रापुढे एक प्रश्न विचारावा : इथे लाकूड स्थिर आहे आणि पाते हलते, की पाते स्थिर आहे आणि लाकूड हलते? आज घरच्या ओट्यासाठी लहान करवत निवडणाऱ्यालाही पात्याचा व्यास विचारण्याआधी हाच प्रश्न उपयोगी पडेल.