पावसाळ्यातली कबड्डी

माझं माहेर मुरबाडचं आणि सासर शहापूरचं. मध्ये सरळगाव, किन्हवली. नकाशात बोटभर अंतर. पण मैत्रिणींनो, आषाढात एस.टी.च्या खिडकीशी बसून या रस्त्याने एकदा याच. दोन्ही अंगांना आवणीची धांदल, चिखलात वाकलेल्या बायका, आणि शहापूर जवळ आलं की ढगांत अर्धे बुडालेले माहुलीचे सुळके. मुंबईला पाणी देणारी भातसा नि तानसा ही धरणं आमच्याच तालुक्यात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावंही आमच्याच तालुक्यात!

याच खाचरांत भात निघालं की चुन्याच्या रेघा मारून कबड्डीचं मैदान आखतात. रात्रीचे सामने रंगतात. मीही शाळेत खेळले आहे. गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. पण पहिला पाऊस पडला की मैदानाचा चिखल, नि खेळ बंद. लग्न ठरलं तेव्हा माझा खेळ असाच थांबला. कुणी मनाई केली नाही हो, पण पुन्हा सुरू कर असंही कुणी म्हटलं नाही.

जुलै २०१४ मधली गोष्ट. प्रो कबड्डी लीग त्या वर्षी प्रथमच सुरू होत होती. आठ संघ, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे दोन : यू मुंबा आणि पुणेरी पलटण. एके दिवशी हे म्हणाले, "चल, वरळीला कबड्डी बघून येऊ." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पावसात कसली आलीय कबड्डी!"

शनिवार, २६ जुलै. डब्यात थालीपिठं घेऊन आम्ही आसनगावला लोकल पकडली. दादरला गाडी बदलली, महालक्ष्मीला उतरलो, आणि चिंब भिजून वरळीच्या त्या बंदिस्त स्टेडियममध्ये शिरलो. काय सांगू! बाहेर धो धो पाऊस आणि आत कोरडंठाक मैदान. माती नाहीच, मॅट. खेळाडूंच्या पायांत बूट. चढाईला मोजून तीस सेकंद. यू मुंबाचा कप्तान अनुपकुमार हरयाणाचा. पण त्याच्या नावाने ओरडणारी मंडळी शुद्ध मराठी! गडी इतका शांत, की जणू भाजी आणायला निघालाय. जयपूर पिंक पँथर्सला त्या दिवशी यू मुंबाने ४५–३१ असं हरवलं. परतीची गाडी चुकेल म्हणून हे सारखे घड्याळ बघत होते. मी मात्र उठायला तयार नव्हते.

पुढचे सामने घरी टी.व्ही.वर पाहिले. अंतिम सामना ३१ ऑगस्टला, ऐन गणपतीत. आमचे दीड दिवसाचे गणपती आदल्या दिवशीच पोचवले होते. पुन्हा तेच दोन संघ; पण या वेळी जयपूर ३५–२४ ने जिंकलं. सासूबाई उरलेले मोदक पुढे करीत म्हणाल्या, "अगं, पहिलंच वर्ष त्यांचं. शिकतील." आणि खरंच, २०१५ मध्ये यू मुंबा विजेते झाले.

मला मात्र एकच गोष्ट खटकत होती. आपल्या मुली कुठे आहेत? अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ यांनी २०१२ मध्ये पाटण्याला भारतासाठी विश्वचषक जिंकला होता. २०१६ मध्ये बायकांची स्पर्धा निघाली, तीन संघांची. हैदराबादला अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सना २४–२३ असं, एका गुणाने हरवलं. एवढी चुरस! पण पुढच्या वर्षी ती स्पर्धा भरलीच नाही.

हे सगळं परवा पुन्हा आठवलं. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतली एक मुलगी. चढाईला गेली की नजर ठरत नाही. तिची आई म्हणाली, "बाई, आता पावसाचा खेळ बंदच. बारावी झाली की पाव्हणे बघायचेत. कशाला पुन्हा सुरू करायचं?"

मला माझाच चिखल झालेला अंगण-मैदान आठवला. छप्पर हवं होतं, छप्पर! आणि घरी येताना रस्त्यात दिसलं, मंगल कार्यालय. चातुर्मासात लग्नं नाहीत, दाराला कुलूप. मालकांच्या वहिनी आमच्या भिशीत. दुसऱ्याच दिवशी किल्ली मिळाली!

मॅटचे तुकडे एकेक मीटर चौरस असतात, एकमेकांत अडकवायचे. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे ९६ तुकडे. भिशीची एक पाळी आणि थोडी वर्गणी मिळून जुने ४८ जमले. अर्धं मैदान! पकड मॅटवर होते, चढाई फरशीवरून निघते. पाय घसरू नये म्हणून मुली अनवाणी खेळतात.

ती मुलगी येते. पहिले दोन दिवस तिची आई दाराशी नुसती उभी होती. तिसऱ्या दिवशी आत येऊन बसली, आणि लेक पकडीत सापडली तशी एकदम ओरडली, "अगं, रेघेला हात लाव!" बाईसाहेब स्वतः खेळलेल्या आहेत, हे तेव्हा कळलं.

तुमच्याही गावात तुळशीच्या लग्नापर्यंत एखादं कार्यालय रिकामं असेल. किल्ली कुणाकडे असते, एवढं विचारून तर पाहा.