हा पोरगा काय दिवे लावणार?

दुसऱ्याच्या पोराचं पुढे काय होणार, ही चिंता माणसाला जेवढी चविष्ट लागते तेवढी स्वतःच्या पोराची लागत नाही. स्वतःच्या पोराच्या चिंतेत फी भरावी लागते. दुसऱ्याच्या पोराबद्दल नुसतं बोललं की भागतं. ओट्यावर बसून असली चिंता वाहणारी मंडळी मी जन्मभर पाहिली. पण एक अख्खं गाव दर रविवारी हिरवे-पिवळे कपडे घालून एकाच पोराच्या चिंतेला बसलेलं मी पाहिलं ते २०२३ साली, लेकीकडे ग्रीन बेला गेलो तेव्हा.

हे गाव अमेरिकेच्या उत्तरेकडे, विस्कॉन्सिन राज्यात. वस्ती लाखभर आणि फुटबॉलच्या मैदानात जागा ८१ हजारांच्या वर! म्हणजे तान्ही पोरं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं वगळली, तर बाकीचं गाव मैदानात मावावं. तरीही हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत. पोर जन्माला आलं की काही आईबाप आधी त्याचं नाव तिथं घालतात. आपण बालवाडीत घालतो.

या संघाचं नाव पॅकर्स. त्याला कोणी धनाढ्य मालक नाही. पाच लाखांवर भागधारक आहेत. या भागावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही, त्याची किंमतही वाढत नाही. आमच्या लेकीच्या शेजारच्या म्हातारबुवांनी त्याचं सर्टिफिकेट चौकट करून दिवाणखान्यात लावलं होतं. थोडक्यात, ती गणपतीची वर्गणीच. फक्त आपल्याकडे पावती कोणी भिंतीवर टांगत नाही.

खेळाचं नाव फुटबॉल असलं तरी चेंडूला पाय क्वचितच लागतो, आणि चेंडूही गोल नसतो. पपईच्या जातीचा असतो. तो ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर चालून येत असताना, आपल्या धावणाऱ्या भिडूंपैकी कोणाकडे चेंडू फेकायचा हे त्यानं तीनेक सेकंदांत ठरवायचं. आमच्या ऑफिसात एक कागद कोणाच्या टेबलावर टाकायचा हे ठरायला तीन महिने लागत, आणि तेव्हा अंगावर कोणी धावूनही येत नसे.

तर या एका जागेच्या बाबतीत गावावर देवानं एकतीस वर्षं कृपा केली. १९९२ पासून ब्रेट फार्व्ह. सोळा हंगाम त्यानं गाजवले. २००५ साली आरन रॉजर्स नावाचं पोरगं निवडून आणलं आणि तीन वर्षं बाकावर बसवून ठेवलं. २००८च्या मार्चमध्ये फार्व्ह ढसाढसा रडून निवृत्त झाला, उन्हाळ्यात म्हणाला, ‘मला परत खेळायचंय.’ संघानं त्याची रवानगी न्यूयॉर्क जेट्सकडे केली. रॉजर्सनं पहिल्या हंगामात सहा सामने जिंकले, दहा हरले. आणि फेब्रुवारी २०११मध्ये त्यानं अजिंक्यपद आणलं!

पुढे २०२०मध्ये तोच प्रयोग. जॉर्डन लव्ह हे नवं पोरगं. तेही तीन वर्षं बाकावर. एप्रिल २०२३मध्ये रॉजर्सचीही रवानगी झाली, आणि तीही न्यूयॉर्क जेट्सकडेच. (काही गावांच्या मुली ठरल्याप्रमाणे एकाच गावात दिल्या जातात, तसं.) दोन पिढ्या लक्ष्मी नांदली; तिसऱ्या पिढीत ती टिकते का, हा प्रश्न घेऊन मंडळी माझ्या जावयाच्या दिवाणखान्यात चिवडा खात बसत.

लव्हचे सुरुवातीच्या सामन्यांतले दोन विजय सोडले तर ऑक्टोबरभर नुसते पराभव. पाहता पाहता दोन विजय, पाच पराभव असा हिशेब झाला. जावयाचा एक मित्र सोलापूरचा. तो मला समजावून सांगे, “काका, त्याचा पाय बघा. चेंडू टाकताना मागच्या पायावर जातो. कॉलेजात शेवटच्या वर्षी सतरा वेळा प्रतिपक्षाच्या हातात चेंडू दिलाय ह्यानं. हा काय दिवे लावणार?” स्वतः हा मित्र सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकतो.

तसं या मुलांना पारखण्यात काही कसूर राहते असं नाही. निवडीआधी दर वर्षी इंडियानापोलिसला चक्क दाखवण्याचा कार्यक्रम होतो. उंची मोजतात, वजन करतात, पळायला लावतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजासुद्धा मोजतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांचा पेपरही होता. फक्त स्वयंपाक येतो का, एवढंच विचारत नाहीत. एवढं करून १९९८ साली दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या रायन लीफचा खेळ चार वर्षांत आटोपला, आणि २०००मध्ये १९९ व्या क्रमांकावर उरलेल्या टॉम ब्रेडीनं सात अजिंक्यपदं मिळवली. पत्रिका पाहणाऱ्यांचे अंदाज यापेक्षा फार चुकत नसावेत.

या चर्चेत म्हातारबुवा फारसे बोलत नसत. जन्मभर कागदाच्या गिरणीत नोकरी केलेला माणूस. यंत्राच्या आवाजात गप्प राहायची सवय झाली असेल. एका पराभवानंतर मात्र मला म्हणाले, “२००८ साली सरावाला जाऊन मी रॉजर्सची हुर्यो उडवली होती. पुढे त्याच्याच नावाची जर्सी पंधरा वर्षं घातली. हाही शिकेल. पण मी आता एकोणऐंशीचा आहे. ह्याला शिकायला वेळ लागला तर माझी हरकत नाही. माझ्याकडे तो आहे का, एवढाच प्रश्न.”

यावर काय बोलणार? मी चिवड्याची बशी पुढे केली.

मग थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला काय झालं कोण जाणे, पोरगं खेळायला लागलं. गतविजेत्या कॅन्सस सिटीला हरवलं. नऊ विजय, आठ पराभव करून संघ बाद फेरीत गेला, आणि जानेवारी २०२४मध्ये डॅलसला त्यांच्याच घरी जाऊन ४८–३२ असं झोडपलं. मागच्या पायावरून चेंडू अजूनही जातच होता. पण आता सोलापूरकर त्याला ‘स्टाईल’ म्हणत होते. “काका, मी पहिल्यापासून म्हणत होतो!” ते कधी म्हणत होते हे विचारायचं नसतं.

पुढच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोशी गाठ. शेवटचं मिनिट, तीन गुणांची पिछाडी, चेंडू लव्हच्या हातात. धावता धावता त्यानं उलट्या अंगाला मैदानाच्या मध्यात फेकला, आणि तो नेमका प्रतिपक्षाच्या हातात. २१–२४. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, २०२२च्या निवडीत अगदी शेवटचा, २६२ वा. ‘पाय!’ असं म्हणत सोलापूरकर कोट शोधू लागले.

जुलै २०२४मध्ये संघानं लव्हशी चार वर्षांचा २२ कोटी डॉलरचा नवा करार केला. लेकीनं फोनवर सांगितलं की रविवारची मंडळी आता नव्या चिंतेत आहेत: एवढा पैसा मिळाल्यावर पोरगं मन लावून खेळेल का? म्हातारबुवांनी नातवासाठी लव्हची दहा नंबरची जर्सी आणलीय. नातू सहा वर्षांचा. जर्सी गुडघ्यापर्यंत येते; मुद्दाम वाढत्या अंगाची घेतलीय म्हणाले.