कळसूबाई किती सेंटिमीटर?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनांची गडबड सुरू होते आणि राहात्यातल्या स्टेशनरी दुकानांत पालक विचारू लागतात, "तयार मॉडेल आहे का?" संपादकांनी कागदाच्या लगद्यावर लिहायला सांगितले, तेव्हा प्रस्तुत लेखकाला आधी हाच प्रश्न आठवला. रद्दी, मैदा आणि पाणी एवढ्यावर घरी होणारी वस्तू विकत आणली, तर मुलाच्या पदरात काय पडणार?

लगदा आपल्याकडे परका नाही. भिजवलेला कागद मेथ्यांबरोबर कुटून सुपा-टोपल्यांना लिंपायची रीत आजीच्या पिढीने सांभाळली. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या सोंगांचे मुखवटेही लगद्याचे होतात.

कृती सोपी, पण घाई चालत नाही. कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटल्या कडेचे तंतू मोकळे होऊन एकमेकांत गुंततात. रात्रभर गरम पाण्यात भिजवून सकाळी घुसळावा, मुठीत घट्ट पिळावा, मग मैद्याची खळ आणि थोडी खडूची पूड घालून मळावा. पोस्टर चिकटवणारे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी, शाळेच्या कामात त्याला थारा नको, मेथीचे पीठ घालावे. थर पातळ हवा आणि पहिला खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा चढवू नये. आत ओल राहिली की बुरशी धरतेच, वरून कितीही रंग लावा.

कागद म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक, हा मोठा गैरसमज. कागदी लगद्याच्या गणेशमूर्तींना उत्तेजन देणाऱ्या 2011 च्या शासननिर्णयाला 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने स्थगिती दिली, ती पाण्याच्या प्रदूषणाच्याच मुद्द्यावर. छापील रद्दी पिळलेले पाणी विहिरीच्या कडेला ओतू नये.

मॉडेलमधला खरा वाद मात्र उंचीचा आहे. राहात्यापासून कळसूबाईपर्यंतचा उठावाचा नकाशा घ्या. सरळ रेषेत अंतर सुमारे 80 किलोमीटर. एक सेंटिमीटरला एक किलोमीटर धरले, तर फळी जवळपास मीटरभर लागते आणि 1646 मीटरचे राज्यातले सर्वोच्च शिखर त्यावर जेमतेम 1.6 सेंटिमीटर भरते. बोटाच्या पेराएवढेही नाही! म्हणून उंची पाचपट वाढवायची : उभ्या मापात एक सेंटिमीटर म्हणजे 200 मीटर. राहाता समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटरवर आहे, तीच पायाची पातळी धरावी. मग खोक्याचा चार मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा 80 मीटरचा एक थर होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतराने असतात. नकाशा निम्म्यावर आणून दर चौथी रेषा गिरवायची आणि पुठ्ठा कापायचा. असे 14 थर चढले की कळसूबाई उभी राहते. पायऱ्यांच्या खाचा लगद्याने भरल्या की उतार दिसू लागतो.

आता भंडारदरा पाहा. 1926 साली पूर्ण झालेली, सुमारे 82 मीटर उंचीची ती भिंत म्हणजे या मॉडेलात जवळजवळ एकच पुठ्ठा. त्या पुठ्ठ्याआड अडलेल्या पाण्यावर प्रवरेचे कालवे वाहिले, लोणीच्या परिसरात ऊस वाढला आणि 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. परिसराचा सगळा भूगोल मुलाच्या बोटांखाली येतो, तो माप धरले तरच.

म्हणूनच एका प्रदर्शनातला निकाल अजून सलतो. मापाने केलेले असे मॉडेल 'डोंगर नीट दिसत नाहीत' म्हणून मागे पडले आणि फूटभर सुळके, आरशाचा तलाव, प्लास्टिकची झाडे यांना पहिला क्रमांक मिळाला. मागे पडलेले मॉडेल करणारी मुलगी मापांची वही घेऊन शेजारी उभी होती. वही कोणी उघडली नाही. उंची वाढवण्यात गैर काही नाही. भूगोलाचे जाणकारही ती वाढवतात. पण किती पट वाढवली ते लिहिले नाही, तर बघणारा फसतो आणि मूलही चुकीचेच शिकते.

तेव्हा परीक्षकांना विनंती एवढीच : ज्या मॉडेलच्या कोपऱ्यात आडवे आणि उभे प्रमाण लिहिलेले नाही, त्याला यंदा क्रमांक देऊ नका. आणि पालकांनी पुठ्ठा कापायला जरूर हात लावावा. रेषा मात्र मुलालाच गिरवू द्यावी.