नवा कॅम, जुने लिफ्टर

मेकॅनिकलला होता आणि थिअरी ऑफ मशीन्सच्या शीटवर कॅम काढला नाही, असा प्राणी महाराष्ट्रात सापडणार नाही. नाइफ एज फॉलोअर, रोलर फॉलोअर, फ्लॅट फॉलोअर... दर दहा अंशांना एक रेघ, शेवटी फ्रेंच कर्व्हने जोडाजोडी (निम्म्या वर्गाने जीटीच मारलेली, असो). डिग्री मेकॅनिकलची, नोकरी जावाची, त्यामुळे खरा कॅम हातात घेतला तो थेट मिशिगनमध्ये, ऑनसाइटला आल्यावर.

शेजारचे आजोबा निवृत्त मशिनिस्ट. त्यांच्याकडे 1976 चा शेव्हरोलेचा पिकअप आहे, इंजिन 350 घनइंचाचं म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8. तो नातवाला द्यायचा होता, पण गाडी कार्ब्युरेटरमधून फट् फट् करायची. मला वाटलं टायमिंग. आजोबा म्हणाले, एक्झॉस्टचा लोब गेलाय. व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, जळलेला गॅस आतच राहतो आणि इनटेक उघडला की उलटा वर येतो. पुशरॉडवर डायल गेज लावून मोजलं. एक्झॉस्टच्या लोबने 0.273 इंच, म्हणजे साधारण 7 मिमी उचलायला हवं. एका ठिकाणी जेमतेम निम्मं!

इंजिन तसंही खोलायचंच होतं. सोळा लिफ्टर बाहेर आले. त्या एकाचा तळ चक्क बशीसारखा खोलगट झालेला. बाकीचे पंधरा दिसायला ठणठणीत. नातू कॉलेजातला, खर्च त्याच्या खिशातून. त्याचं म्हणणं, नवा कॅम घेऊ, लिफ्टर एकच बदलू. मलाही पटलं होतं. आजोबा मात्र साफ नाही म्हणाले.

कारण असं, की फ्लॅट टॅपेट मुळात फ्लॅट नसतोच! लिफ्टरचा तळ अगदी किंचित फुगीर असतो आणि कॅमचा लोब एका बाजूला इंचाच्या एक-दोन हजारांशाने उतरता. शिवाय लिफ्टर लोबच्या बरोबर मध्यावर बसत नाही. त्यामुळे वरखाली होताना तो स्वतःभोवती फिरत राहतो आणि घासण्याची जागा सारखी बदलत जाते. आमच्या शीटवर हे कुठेच नव्हतं. जुन्या लिफ्टरचा फुगवटा त्याच्या जुन्या लोबवर झिजून गेलेला असतो. तो नव्या कॅमवर ठेवला की फिरणं थांबतं, आणि मग एकाच जागी घासून नवा लोबही जातो. जुने लिफ्टर वापरायचेच तर जुन्या कॅमवर, आणि तेही ज्याचा त्याच्याच भोकात. झिजलेल्या लोखंडाची भुकटी तेलाबरोबर नव्या बेअरिंगमध्ये जाते. म्हणजे बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, सगळा खर्च पाण्यात. नातवाने मुकाट्याने सोळाही मागवले.

लोबना मॉलिब्डेनमची काळी पेस्ट फासून कॅम बसवला. इनटेक मॅनिफोल्ड बसवण्याआधी आजोबांनी प्रत्येक लिफ्टरवर मार्करने एक रेघ मारायला लावली आणि क्रँक पान्याने हळूहळू फिरवला. पंधरा रेघा सरकल्या. सोळावी जागची हलेना! लिफ्टर शेजारच्याशी अदलाबदल करून पाहिला, तरी अडचण त्याच भोकात. बॅटरी लावून पाहिलं तर खालच्या कडेला बारीकशी कुसळ होती. बारीक पॉलिश पेपरने ती काढली आणि सगळं पुसून पुन्हा फिरवलं. रेघ सरकली. हे सुरू केल्यावर कळलं असतं तर? आजोबा काही बोलले नाहीत, नातवाचा चेहरा मात्र पाहण्यासारखा होता.

पहिलं स्टार्टिंग म्हणजे आमच्या गो-लाइव्हसारखंच. ड्रिलने ऑइल पंप फिरवून तेल आधीच चढवलेलं, टायमिंग आधीच लावलेलं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरलेलं. कारण उगाच स्टार्टर मारत बसलं तर पेस्ट पुसली जाते. सुरू झालं की लगेच 2000 ते 2500 आरपीएम, तेही वीस ते तीस मिनिटं. आयडलला सोडायचं नाही. कॅमला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकवरून उडणाऱ्या शिंतोड्यांतून, आणि कमी वेगात ते पुरेसं उडत नाही. तेलही साधं नको. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून 2004 च्या एपीआय एसएम दर्जापासून नेहमीच्या पातळ ग्रेडच्या तेलांत फॉस्फरस 0.08 टक्क्यांवर आणला, म्हणजे जस्त-फॉस्फरसचं झिजरोधक मिश्रणही घटलं. नव्या गाड्यांच्या रोलर लिफ्टरना ते चालतं, या जुन्या पद्धतीला नाही. म्हणून ब्रेक-इनचं वेगळं तेल.

घड्याळ माझ्याकडे होतं. पहिल्या मिनिटाला लिफ्टरची टकटक, मग तेल भरलं तशी ती थांबली. अकराव्या मिनिटाला तापमानाचा काटा चढायला लागला. आजोबांनी रेडिएटरसमोर मोठा पंखा आणून लावला आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसले. पंचविसाव्या मिनिटाला इंजिन बंद. गॅरेजमध्ये इतकी शांतता, की कान वाजत होते.

दुसऱ्या दिवशी तेल काढलं आणि फिल्टर कापून घड्या उलगडल्या. करड्या पेस्टचा थर होता. नातवाने चुंबक तीनदा फिरवला, काही चिकटलं नाही. मग त्याने आजोबांना विचारलं, आता चालवू का?