दारातला निंब आणि वैशाखातली कुऱ्हाड

वऱ्हाडातल्या उन्हाला धाक आहे तो फक्त निंबाचा. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या वर गेला, तेव्हा उष्णतेपायी जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं. अशा दुपारी अमरावतीच्या एखाद्या जुन्या लेआऊटमध्ये वळावं. डांबरी रस्त्यावर डोळे दिपलेले असतात, पाय चटचट पोळत असतात, आणि दोन निंब कमान धरून उभे असलेल्या गल्लीत शिरलं की अंगावरचं ऊन एकदम उतरतं. भाजीवाली टोपली खाली ठेवते, ती तिथेच. कुल्फीवाला थांबतो, तोही तिथेच.

ही झाडं कुणी लावली? प्लॉट मिळाले तेव्हा कर्ज काढून घर बांधणाऱ्या मास्तरांनी, कारकुनांनी, पोस्टातल्या बाबूंनी. अंगणात पाण्याची मारामार असताना आंघोळीचं पाणी घालून त्यांनी निंब, करंज, गुलमोहर जगवले. लावणारे बरेचसे आता नाहीत. झाडं मात्र दुसऱ्या मजल्याच्या वर गेलीत, आणि त्यांचं करायचं काय, हे त्या घरात राहणाऱ्या पुढच्या पिढीला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून दरवर्षी वैशाखात कुऱ्हाड येते. पावसाळ्याआधी तारा मोकळ्या करायच्या, छतावर पाला नको, गाडीवर चिकटा नको. सकाळी डेरेदार असलेला निंब दुपारी चार ठुटं वर करून उभा असतो. ज्या महिन्यासाठी ते झाड पन्नास वर्षं वाढलं, नेमक्या त्याच महिन्यात त्याची सावली ट्रॉलीत भरून जाते.

भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री बाळापूर तालुक्यातल्या पारसला, बाबूजी महाराजांच्या मंदिरात जमलेल्या भाविकांच्या टिनाच्या शेडवर वादळात जुना निंब कोसळला आणि सात माणसं गेली. त्या रात्रीनंतर आपल्या दारातल्या झाडाकडे कुणी काळजीने पाहिलं, तर त्यात वावगं काय? पण शेंडा उडवला म्हणजे झाड सुरक्षित झालं, ही समजूत उलटी आहे. पानं गेली की झाड घाबरं होऊन मिळेल तिथून पाणसोट फेकतं. ते सरळसोट, हिरवेगार दिसतात; पण लाकडात त्यांची पकड नसते, ते सालीला चिकटलेले असतात. चार वर्षांनी जाड झाले की पहिल्या वावधानात तेच तुटतात. मोठ्या जखमेतून बुरशी आत शिरते ती वेगळीच. अलेक्स शिगो नावाच्या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात दाखवून दिलं की झाडाची जखम भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालतं आणि पुढे वाढतं. जखम लहान असेल तर भिंत टिकते. मांडीएवढी असेल तर झाड आतून पोकळ होत जातं, वरून हिरवं दिसत असलं तरी.

आणि हे आपल्याला ठाऊक नाही, असं थोडंच आहे! मोर्शी-वरुडचा संत्रा बागायतदार हे रोज जगतो. बहार निघाला की तो सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, काढतो, पाणसोट कोवळे असतानाच खुडतो, आणि धारदार कात्रीशिवाय झाडाला हात लावत नाही. अशाच एका बागवानाला मी आमच्या गल्लीत निंबावर काम करताना पाहिलं. वर चढण्याआधी तो बराच वेळ खालून नुसता बघत राहिला. मग वाळलेली एक जाड फांदी धरली. खोडापासून वीतभर पुढे आधी खालून करवत चालवली, तिसरा हिस्सा. मग जरा पुढे सरकून वरून. दोराला बांधलेली फांदी हलकेच खाली आली, साल सोलली नाही. उरलेलं ठुटं त्याने खोडाजवळच्या फुगीर कडीला धक्का न लावता, तिच्या अगदी बाहेरून कापलं. “सल काढा लागते काकाजी,” उतरल्यावर तो म्हणाला, “झाडाचं मुंडकं नाई कापा लागत.”

वैशाख टाळायचं आणखी एक कारण आहे, ते जुन्या निंबाच्या ढोलीत बसलेलं असतं. धनेशाची मादी याच दिवसांत स्वतःला आत लिंपून घेते आणि नर बारीक फटीतून तिला चारा भरवतो. फांदी पडली तर आख्खं घर पडतं.

बुंध्याकडे तर आपण बघतच नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. मुळांना त्यातच तग धरायचा असतो. वरून आपण बुंध्याच्या सालीपर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकतो. २०१३ मध्ये हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. इथे आदेशाची वाट कशाला पाहायची? पहार घरात असते.

कायदाही आपल्याच बाजूचा आहे. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्यात झाड तोडण्यात त्याला इजा करणंही धरलेलं आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं. आपल्या लेआऊटमधले पहिले निंब आता त्याच वयाला येऊन पोचलेत.

अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. अकोला आणि अमरावती या दोन्ही महापालिकांनी आपले झाडं कापणारे मजूर दर हिवाळ्यात चार दिवस तिथे शिकायला पाठवावेत, ही माझी मागणी आहे. आणि तुम्हाला विनंती एवढीच: दिवाळी झाली की एका सकाळी गल्लीतल्या झाडांखालून मान वर करून हिंडा. वाळलेल्या, चिरलेल्या, तारेकडे झुकलेल्या फांद्या वहीत लिहा, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढा, जाणता माणूस बोलवा, आणि हे काम माघाच्या आत उरकून घ्या.